बोरवेढ्याचा दगड

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
१८ फेब्रुवारी २०२४

ती. मनकर्णाआत्यास,
सुदर्शनचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझ्या कानाचं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारायला लागलं आणि तू ते शेंगांच्या टोपलीत फेकलंस, असं कडुबा दूध घालायला आला तेव्हा सांगत होता. म्हणजे आता फोन करून उपयोग नाही. बरंच झालं, त्या निमित्तानं तुझं अक्षर वाचायला मिळेल. उत्तर कडुबाच्या टेम्पोतून पाठव, नाहीतर पोस्टात टाक.

कामाचं लिहितो. आमच्या कंपनीतले आठ-दहा जण बायकापोरांसह नाथसागरात दोन दिवसांची सहल काढतोय. डबे घेऊन बागेत बसायचं, तसली सहल नाही. कयाक नावाची लांबुळकी होडी असते. त्यात दोघं पुढंमागं बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं ती हाकतात. सकाळी काठावरून निघायचं, पाण्यातल्या एखाद्या उंचवट्यावर तंबू ठोकायचे, चुलीवर रांधायचं, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. परवानग्या कयाकवाल्यांनी काढल्यात, अंगात घालायची जॅकेटंही तेच देतात. गटाचा म्होरक्या मी, कारण हौस माझी.

यंदा पाणी लवकर उतरतंय. आपलं बुडालेलं बोरवेढा एप्रिलपर्यंत उघडं पडेल, असं तिथला मासे धरणारा सोनाजी म्हणतो. मग मी ग्रुपमध्ये सांगून बसलो की माझ्या आजोबांच्या गावात मुक्काम करू. सगळे खूश. पण मला त्या गावातलं ओ की ठो ठाऊक नाही. माझा जन्म झाला तेव्हा गाव पाण्याखाली जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि वडील होते तोवर मी त्यांना कधी विचारलं नाही. आता सांगणारी तूच उरलीस. कुठं काय होतं, तंबू कुठं ठोकावेत, सगळं सविस्तर लिही. आमची श्रेया नऊ वर्षांची झाली तरी आत्याआजीचं गाव पाण्यात कसं गेलं म्हणून विचारते, तिलाही दाखवतो.

मंजुषा नमस्कार सांगते. तुझा लोभ आजवर होता तसाच राहू दे.

तुझा,
सुदर्शन


देवगाव रंगारी
२७ फेब्रुवारी २०२४

चि. सुदर्शन यास मनकर्णाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यंत्र शेंगांच्या टोपलीत नाही, मिठाच्या बरणीत टाकलं आहे. कडुबाला काही नीट सांगता येत नाही. आणि यंत्र नसलेलं मला परवडतं, कारण लोक तोंडावर काय बोलतात ते आपोआप चुकतं.

ज्या पाण्यानं आपलं गाव गिळलं त्यात तुम्ही हौसेनं होड्या हाकणार. चाळिशी उलटली तरी तुझी अक्कल पाटीवरच आहे, फक्त पाटी महागाची झाली. सूनबाईला पोहता येतं का? तिला बादलीतल्या पाण्याचा धाक वाटतो, असं माझ्या लक्षात आहे. तिथं रडारड केली तर ओढून काढायला मी नसणार, म्हणजे असणार आहे, ते पुढं लिहिते.

आधी मारुतीचा चौथरा दिसेल. तिथून उगवतीकडं निघालं की बारव लागते. ती गाळानं भरलेली असली तरी तिच्यावर पाय देऊ नका, गाळ फसवा असतो. बारवेपुढं जमीन चढते, तो आपला मळा. गावातली सगळ्यात उंच जागा तीच. पाणी तिथं सगळ्यात शेवटी चढलं आणि उतरतं तेव्हा तीच आधी उघडी पडते. मुक्काम करायचा तर तिथंच करा.

आता माझी अट. मला सोबत न्यायचं. तुझ्या लांबुळक्या होडीत मी बसणार नाही, सोनाजीच्या होडीतून ने. तिथं माझी लेक आहे. तुझ्या वडिलांशिवाय हे मी कुणापाशी बोलले नाही, ते जाऊनही आठ वर्षं झाली, म्हणून तुला लिहिते. पहिल्या बाळंतपणाला मी बोरवेढ्याला आले होते. मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. बारशाच्या आत गेली म्हणून तिला नाव नाही. तान्हं मूल जाळत नाहीत, आपल्याच जमिनीत पुरतात, तशी ती त्या मळ्यात आहे. आईला ती जागा दाखवायची नसते, पण मी मागच्या खिडकीतून पाहिली. मग मला पुन्हा मूल झालं नाही. बाया म्हणायच्या, हिनं जागा पाहिली, हिचं मन तिथंच जाऊन बसलं, आता कूस कशी भरणार. मीही तेच मानते. तीन वर्षांत वर पाणी आलं.

तेरा सालच्या दुष्काळात सागर कोरडा पडला तेव्हा तुझ्या वडिलांबरोबर एकदा चालत गेले होते. त्यानंतर जाणं झालं नाही. माझं वय एक्काहत्तर. पुढचा दुष्काळ मला सापडेल याचा भरवसा नाही, आणि दुष्काळ पडू दे असं म्हणवतही नाही.

सूनबाईला यातलं काही सांगू नको. तिचं मन मेणाचं आहे. खूण मी आल्यावर दाखवीन.

श्रेयाला गोड पापा. तब्येतीला जप आणि आत्याला विसरू नको, एवढंच मागणं.

मनकर्णाबाई


चिकलठाणा
१० मार्च २०२४

ती. आत्यास,
सुदर्शनचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला नेणार, हा शब्द दिला. सोनाजीशी बोललो. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला खुर्ची टाकून नेतो, लई वेळा नेलंय, काय बी भ्यायचं काम नाय. तुझ्यासाठी छत्रीही ठेवीन.

तयारी जोरात आहे. याद्या करतोय. तंबू सहा, चटया बारा, तांदूळ, वांगी, भाकरीचं पीठ, आणि विंचू-काट्याचं औषध. आमच्यातल्या दोघांना पोहता येत नाही, तरी तेच सगळ्यात पुढं आहेत. मंजुषानं सरावासाठी एका तलावात दोन चकरा मारल्या आणि तिसऱ्या चकरेला मला मागं टाकलं. तेव्हा बादलीची गोष्ट आता जुनी समज.

मला कंपनीच्या कामासाठी पंधरा दिवस चाकणला जायचं आहे. तारीख ठरली की मंजुषा कळवील. आशीर्वादाचा हात पाठीवर राहू दे.

तुझा,
सुदर्शन


चिकलठाणा
२८ मार्च २०२४

ती. आत्याबाईंस,
मंजुषाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

हे अजून चाकणला आहेत, म्हणून मी लिहिते. सहलीची तारीख ठरली. शनिवार, १३ एप्रिल. सकाळी आठ वाजता कयाकवाल्यांच्या तंबूपाशी सगळे जमणार आहोत. पैठणच्या रस्त्यानं आलात की धरणाच्या अलीकडं त्यांचा निळा फलक लागतो. कडुबा तुम्हाला सोडायला तयार आहे, मी त्याच्याशी बोलून घेतलं.

उन्हाचं येताना डोक्याला रुमाल बांधा. आणखी काही आणायची गरज नाही. सगळं मी पाहते आहे.

श्रेया नमस्कार सांगते. आपला लोभ आहेच, तो मी नीट ओळखून आहे.

आपली,
मंजुषा


देवगाव रंगारी
३ एप्रिल २०२४

चि. सौ. मंजुषा हिस आशीर्वाद.

तारीख कळली. तू स्वतः होऊन पत्र लिहिलंस याचं नवल वाटलं. लग्नाला तेरा वर्षं झाली, आता कुठं रीत कळायला लागली म्हणायची. अक्षर मात्र अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे.

मी तयार आहे. दोन नारळ घेतले, हळदकुंकू घेतलं, खणाच्या कापडाची दोन झबली हातानं शिवली. सुईत दोरा कडुबाची बायको ओवून देते, टाके माझे मी घालते. हे कशाला, ते विचारू नको. मोठ्यांच्या गोष्टी असतात.

तुझ्या हातचा शिरा आणू नको. गेल्या खेपेला खाल्ला तो अजून दाताखाली आहे. भेट होईल तेव्हा सविस्तर बोलू. सुखी राहा.

मनकर्णाबाई


चिकलठाणा
९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

ती. आत्यास,
सुदर्शनचा साष्टांग नमस्कार, आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

तुझा गुडघा धरला आणि तुला येता येत नाही, असा निरोप कडुबानं दिल्याचं मंजुषानं सांगितलं तेव्हा फार चुटपुट लागली. पुढच्या वेळी नक्की. सहा-सातला सहल पार पडली आणि काय सांगू, तुझ्या पत्रातल्या खुणा एकेक करून समोर येत गेल्या. मारुतीचा चौथरा, मग बारव, मग चढ. सगळे मला विचारायला लागले की तू इथंच वाढलास का. मीही नाही म्हणालो नाही.

मळ्यावर तंबू ठोकले. जागा इतकी छान की उतरावंसं वाटेना. पाण्यावरून सारखा वारा येत होता. चुलीला दगड कुठून आणायचे ही काळजी होती, तर तिथंच एका ठिकाणी दगडांचा ढीग तयार. त्यातले तीन उचलले, चूल मांडली, वांग्याचं भरीत आणि भाकरी. ढिगावर एका जुन्या जात्याचा खालचा दगड होता, कड जराशी फुटलेला. मंजुषाला तो फार आवडला. माहेरच्या गावची आठवण म्हणून तुलाही आनंद होईल, असं वाटून आम्ही तो घरी आणला. दोघांच्या मध्ये कयाकमध्ये ठेवला तर होडी बसायलाच लागली, मग सोनाजीच्या होडीतून आणला. फोटो सोबत आहे. त्यात दगडावर उभी आहे ती श्रेया.

तुझ्या लेकीची आठवण मी मनात ठेवली होती. संध्याकाळी सगळे हसत-खेळत होते तेव्हा मी थोडा वेळ बाजूला पाण्याकाठी जाऊन बसलो.

हे पत्र फोटोसाठी जाड पाकीट करून पोस्टानं पाठवतो, टेम्पोत दुधाचे डाग पडतील. गुडघ्याला शेक दे. तुझी माया कमी होऊ देऊ नको.

तुझा,
सुदर्शन


देवगाव रंगारी
१७ एप्रिल २०२४

चि. सुदर्शन व सौ. मंजुषा यांस,

हे पत्र दोघांनी वाचावं.

माझा गुडघा ठणठणीत आहे. शनिवारी, तेरा तारखेला, पहाटे कडुबाच्या टेम्पोत दुधाच्या कॅनांमध्ये बसून मी निघाले आणि आठाच्या आत निळ्या फलकापाशी पोचले. तंबूत कुणी नव्हतं. मी झबल्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. नऊ वाजले, अकरा वाजले. कडुबाचं दूध नासलं, तरी तो थांबला. मग सोनाजी आला. तो काय सांगतो ते मला ऐकू येईना, तेव्हा त्यानं वाळूत काडीनं सहा आकडा लिहिला आणि हात हलवून, गेले सगळे, अशी खूण केली. मी त्याला म्हटलं, मला एकट्यानं ने. तर त्यानं होडीचं बूड दाखवलं. तुमच्या सामानानं फळी उखडली होती, दुरुस्तीला महिना लागणार. पाणी समोर होतं, मळाही दिसत होता. दोन वाजेपर्यंत बघत बसले आणि परत आले.

सूनबाईच्या अक्षरातली तारीख माझ्याजवळ आहे. त्यावर आता बोलत नाही.

काल तुझं पाकीट आलं. सुदर्शन, ते जातं माझ्या आईचं आहे. कडेचा टवका तुझ्या वडिलांनी लहानपणी पहार टाकून उडवला होता, त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून आईनं माझ्या लेकीवर दगड रचले आणि वर ते जातं ठेवलं. मी खिडकीतून पाहिलं ते हेच. खूण दाखवायची होती ती हीच. तिथं मुक्काम करा असं मीच लिहिलं, उंच जागा म्हणून लिहिलं. मी सोबत असणार होते, मग काळजी कसली, असं वाटलं. चूक माझी पण आहे.

ज्या तीन दगडांवर तुम्ही भरीत भाजलं ते जाऊ द्या. जातं मात्र जागेवर ठेवा. जूनमध्ये पाणी यायला लागतं, त्याच्या आत ठेवा. मला नेऊ नका, माझी ती हौस फिटली. दोघांपैकी कुणीही जा, पण ठेवा. मी हात जोडते असं समजा. आजवर कुणापुढं जोडले नाहीत.

मनकर्णाबाई


चिकलठाणा
२ जून २०२४

ती. आत्यास,
सुदर्शनचा साष्टांग नमस्कार वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. तारखेचं काहीतरी चुकून झालं असावं, मंजुषाला विचारलं तर ती विषय बदलते. दगडाचं मी विसरलेलो नाही. कयाकवाल्यांनी उन्हामुळं काम बंद केलंय, इकडं कंपनीत ऑडिट आहे, आणि सोनाजीची होडी अजून उलटीच पडलेली आहे. पाऊस लांबेल असं सगळे म्हणतात. पुढच्या रविवारी नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी नक्की जातो. तू मनाला लावून घेऊ नको. राग असला तरी लोभही असावा.

तुझा,
सुदर्शन


चिकलठाणा
२५ ऑगस्ट २०२४

ती. आत्याबाईंस,
मंजुषाचा नमस्कार.

यांच्याकडून तुम्हाला खरं कळणार नाही, म्हणून मी लिहिते. नाथसागर भरत आला आहे. मळा पाण्याखाली गेला. दगड आमच्याकडंच आहे.

तारीख चुकली नव्हती. फेब्रुवारीत तुम्ही यांना लिहिलेलं पत्र मी वाचलं आणि मग मुद्दाम पुढची तारीख लिहिली, गुडघ्याचा निरोपही मीच रचला. दगड उचलला तेव्हा तो कशाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर कळलं, आणि कळल्यावर ठेवून घेतला. हे दोनदा रविवारी निघाले होते. एकदा गाडीची किल्ली मी लपवली, दुसऱ्यांदा नुसतं नाही म्हटलं तरी पुरलं.

तेरा सालच्या मेमध्ये, गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात माझं बाळ गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तुम्ही दहा दिवस इथं होतात. बाळ कुठं नेलं, असं मी तुम्हाला विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाही. मामंजींना विचारलं, तर ते तुमच्याकडं बघून उठून गेले. मी रडले तेव्हा तुम्ही म्हणालात, जे घरात आलंच नाही त्याचं सुतक कसलं, ऊठ आणि केस विंचर. शब्द असेच होते. शेजारच्या बायकांपुढं तुम्ही मला रडूबाई म्हणालात, आणि त्या हसल्या. अकरा वर्षं झाली. आजही कुठं लहान मुलाचं प्रेत पुरलेलं आहे असं ऐकलं की मी ती जागा बघून येते. चिकलठाण्याच्या स्मशानातला म्हातारा मला ओळखतो.

तुम्हाला लेकीच्या जागेवर एक दिवस बसायला मिळालं नाही, याचं तुम्हाला दुःख झालं. मला बरं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुमच्याजवळ निदान जागा होती आणि वर दगड होता.

तो दगड आता कुठं आहे तेही सांगते. फ्लॅटच्या दाराबाहेर ठेवला आहे, वर पायपुसणं घातलं आहे. येणारा-जाणारा त्यावर पाय पुसतो. श्रेया शाळेला जाताना त्यावर पाय ठेवून बुटाच्या नाड्या बांधते. एका नऊ दिवसांच्या लेकीला दोन-दोन झबली शिवलीत म्हणे. तुमचं दुःखही दुपटीचं. जे राहिलंच नाही त्याचं सुतक कसलं, आत्याबाई.

कृपा आहेच, ती आता वाढवू नये ही विनंती.

मंजुषा


देवगाव रंगारी
३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. मंजुषा हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. ते शब्द माझेच आहेत, तू एकही चुकीचा लिहिला नाहीस. मला माझ्या सासूनं तेच म्हटलं होतं. मला दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

जागा सांगितली नाही, कारण मी स्वतःची पाहिली आणि माझी कूस पुन्हा भरली नाही. तुझी भरावी म्हणून तोंड शिवून घेतलं. तू तळमळत होतीस ते मला दिसत होतं, ऐकूही येत होतं, तेव्हा माझे कान चांगले होते. मी म्हटलं, रडू दे, मला शिव्या देऊ दे, पण हिला जागा कळता कामा नये. दोन वर्षांनी श्रेया झाली. मला वाटलं, आपण जिंकलो. मग पुढं सांगायचं धाडस झालं नाही, आणि खरं सांगायचं तर तू रडूबाई असण्याची मला सवय झाली.

आता तूही चाळिशीची झालीस, तेव्हा सांगते. त्या दिवशी दवाखान्यातून सुदर्शननं बाळ आमच्या हातात दिलं आणि तो तुझ्याजवळ परत गेला. कुठं नेता, असं त्यानं विचारलं नाही. तो विचारणाऱ्यातला नाही. सागर कोरडा पडला होता. बाळ माझ्या पदरात होतं. तुझे सासरे कुदळ घेऊन पुढं, मी मागं, असे आम्ही भर उन्हात बोरवेढ्याच्या मळ्यावर गेलो. परक्या जमिनीत टाकायचं मला पटेना, आपल्या माणसाशेजारी असावं असं वाटलं. तुझ्या सासऱ्यांनी जातं बाजूला सारलं, माझ्या लेकीच्या उशाशी खड्डा घेतला, आणि जातं पुन्हा दोघांवर मिळून ठेवलं. मुलगा होता. डोक्यावर केस होते, तुझ्यासारखे कुरळे. मी त्याचं तोंड पुसलं होतं.

त्यासाठी झबली दोन होती. तिथं गेल्यावर, तुझा हात धरून, तुला जागा दाखवायची असं मी ठरवलं होतं. म्हणून सुदर्शनला लिहिलं की हिला आधी सांगू नको.

तुम्ही ज्या तीन दगडांवर रांधलं, ते दोघांचेही होते. दगड आता परत नेऊ नको. पाणी आलं आहे, पाण्यात कोल्हे येत नाहीत.

त्याचं झबलं कडुबाबरोबर पाठवते आहे. तुझ्याकडून मी आता काही मागणार नाही. दारातलं पायपुसणं मात्र आजच्या आज काढ.

मनकर्णाबाई